जुन्या चिठ्ठीवरची गुडघ्याची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाची झड लागली की कोल्हापुरातल्या कुठल्याही औषध दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं : "गुडघ्याची गोळी द्या की, मागच्या वेळची." मागच्या वेळची म्हणजे कुठली, तर लाल. नाहीतर लांबट पिवळी. चिठ्ठी असलीच तर दोन वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली. तिच्यावर डॉक्टरांनी 'पाच दिवस' असं लिहिलेलं असतं, पण ते ना घेणारा वाचतो ना देणारा. दहाची पट्टी जाते, ती संपली की दुसरी जाते, आणि पाच दिवसांची गोळी चहासाखरेसारखी महिन्याच्या यादीत येऊन बसते.

या गोळ्या वाईट आहेत असं आम्हा फार्मासिस्टांचं म्हणणं नाही. सुजलेला सांधा हलता ठेवायला त्यांच्याइतकं लवकर लागू पडणारं दुसरं औषध सहज मिळत नाही. पण ती कोणी घ्यायची, कशासोबत घ्यायची आणि कधी थांबवायची हे काउंटरवर बोललं जात नाही. म्हणून हे पत्र.

आधी घराणं ओळखू या. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, इंडोमेथॅसिन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, किटोरोलॅक ही सगळी एकाच कुळातली, सूज उतरवणारी वेदनाशामकं. पॅरासिटॅमॉल या कुळातलं नाही. ते दुखणं आणि ताप कमी करतं, सांध्याची सूज नाही. दुकानात मात्र नावं या औषधांची नसतात, ब्रँडची असतात, आणि ब्रँड शेकडो आहेत. त्यामुळे घोळ असा होतो : गुडघ्यासाठी एका डॉक्टरांनी एसिक्लोफेनॅक दिलेलं असतं, कंबर धरली म्हणून दुसरीकडे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घेतलेलं असतं, आणि दात ठणकतोय म्हणून पाण्यात विरघळवून घ्यायची किटोरोलॅकची गोळी शेजारणीकडून आणलेली असते. माणसाला वाटतं तीन दुखण्यांवर तीन औषधं चालू आहेत. प्रत्यक्षात एकाच कुळातल्या औषधाचे तीन डोस अंगात गेलेले असतात. त्याने दुखणं तिप्पट थांबत नाही, धोका तेवढा वाढतो. या कुळातली एका वेळी एकच गोळी, हा नियम कधीच मोडायचा नाही.

म्हणून पट्टी उलटी करून वाचायची सवय हवी. उदाहरणार्थ, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : एसिक्लोफेनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटॅमॉल ३२५ मिग्रॅ, सेरॅशिओपेप्टिडेज १५ मिग्रॅ. यात कामाचं पहिलं नाव. ते दिवसाला २०० मिग्रॅच्या वर जाऊ नये, म्हणजे बारा तासांच्या अंतराने एकेक गोळी, बस्स. दुसरं नाव लक्षात ठेवायचं ते अशासाठी, की ताप आला म्हणून वरून पॅरासिटॅमॉल ६५० घेतलं तर दोन्हीची बेरीज होते. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही शेवटची सीमा. म्हाताऱ्या, अशक्त किंवा दारू घेणाऱ्या माणसाने त्याच्या बरंच अलीकडे, दोन-तीन ग्रॅमवर थांबावं. तिसरं नाव म्हणजे 'सुजेची गोळी' म्हणून लोक ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात ते. त्याच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. जपानमध्ये जिथे ते निघालं तिथेच २०११ साली मूळ कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं. आपल्याकडे अजून जोरात चालतं.

इतरांच्या मर्यादाही सांगतो. डायक्लोफेनॅक दिवसाला १५० मिग्रॅ. कमरेत टोचतात ते ७५ मिग्रॅचं इंजेक्शन म्हणजे त्यातलं निम्मं झालं, हे त्या दिवशीच्या गोळ्या मोजताना धरायचं. आयबुप्रोफेन स्वतःहून घेताना १२०० मिग्रॅ, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्या. नॅप्रोक्सेन १००० मिग्रॅ. किटोरोलॅक काही झालं तरी पाच दिवसांच्या वर नाही. एटोरिकॉक्सिबचं गणित जरा वेगळं आहे : गुडघ्याच्या झिजेला ३० मिग्रॅ, फार तर ६०. आमवाताला ९० पर्यंत. १२० फक्त गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडने होणाऱ्या सांधेदुखीच्या, झटक्याला आणि तेही जास्तीत जास्त आठ दिवस. तरी झिजलेल्या गुडघ्यासाठी ९० ची पट्टी बिनदिक्कत मागितली जाते, आणि दिलीही जाते.

आता पोटाचं. सांध्यात सूज आणि ठणका आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचं बनणं ही गोळी रोखते. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडात रक्ताची वाट मोकळी ठेवतात. गोळी रक्तातून सगळीकडे पोचते, म्हणून सांध्याचा ठणका थांबवताना ती पोटाची राखणही काढून घेते. "इंजेक्शन घेतलं, म्हणजे पोटाला त्रास नाही" हा समज यामुळेच खोटा. औषध तोंडावाटे गेलं काय आणि सुईने गेलं काय, रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. गोळीवरच्या जठरात न विरघळणाऱ्या आवरणाचंही तेच. ते जळजळ थोडी कमी करतं, व्रण (अल्सर) टाळत नाही. अशी आवरणाची किंवा नावापुढे 'एसआर' असलेली गोळी मोडून, चावून किंवा कुटून मात्र घ्यायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

इथे आपल्या तांबड्या रश्श्याची बाजू घ्यायला हवी. जठरातल्या व्रणाचं खापर आपण बिनधास्त तिखटावर फोडतो. तिखटाने जळजळ वाढते, खरं आहे. पण व्रणाची मुख्य कारणं दोन : एच. पायलोरी नावाचा जंतू आणि या वेदनाशामक गोळ्या. मिसळ सोडली आणि गोळी चालू ठेवली, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होतं.

सकाळी नुसत्या चहाखारीवर गोळी घेणं बंद करावं. भाकरी-भाजी पोटात गेल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. वय ६५ च्या वर असेल, पूर्वी व्रण किंवा रक्तस्राव झाला असेल, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टर पँटोप्राझोल ४० किंवा ओमेप्राझोल २० ही ॲसिड कमी करणारी गोळी जोडतात. ती सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची, दुखण्याच्या गोळीबरोबर जेवणानंतर नाही. तिच्याऐवजी गुलाबी पातळ औषधाचे दोन चमचे किंवा सोड्याची पुडी घेतली तर जळजळ थांबते, व्रण थांबत नाही. उलट इशारा देणारं दुखणं दडपतं. आणि पँटोप्राझोल जठर आणि त्यालगतचा आतड्याचा सुरुवातीचा भाग सांभाळतं. पुढचं आतडं, मूत्रपिंड, हृदय यांच्याशी त्याचा संबंध नाही. "ॲसिडिटीची गोळी घेतोय, आता काही होत नाही" असं म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं.

रक्तस्राव पुष्कळदा पोटात न दुखताच सुरू होतो. ओळखायची खूण शौचाची : डांबरासारखी काळी, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि वास नेहमीपेक्षा उग्र. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती हिरवट काळी असते, चिकट डांबरी नसते. सोबत चक्कर, घाम, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी असली तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.

पोटाचं नुकसान कळून तरी येतं, मूत्रपिंडाचं कळत नाही. म्हणून इथे जास्त थांबतो. आपल्याकडे रक्तदाबावर टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल सर्रास चालतं. बऱ्याच ब्रँडच्या नावापुढे 'एच' असतो. तो 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. ही दोन आणि तिसरी गुडघ्याची गोळी एकत्र आली की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. रक्तदाबाची गोळी गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करते. वेदनाशामक गाळणीत येणारी वाहिनी आवळतं. आत रक्त कमी, बाहेर जायला वाट मोकळी, मग गाळायला दाबच उरत नाही. त्यात अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात काही दिवसांत वर चढतं. पाणी आटायला आपल्याकडे कारणं कमी नाहीत. चैत्रातल्या उन्हात जोतिबाचा डोंगर चढायचा म्हणून सकाळीच घेतलेली गोळी, उसाच्या फडातली तोडणी, शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोरची पाळी, वारीत बिघडलेलं पोट. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणंपिणं सुटलं की त्या दिवसापासून दुखण्याच्या गोळीला सुट्टी. रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते मात्र स्वतः न ठरवता डॉक्टरांना फोन करून विचारावं.

मूत्रपिंड आणि डायक्लोफेनॅकची एक गोष्ट आपल्या डोक्यावरच्या आकाशात घडून गेली आहे. हे औषध दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडांचे थवेच्या थवे संपले. म्हणून २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ पासून ते एका डोसच्या, फार तर ३ मिलीच्या कुपीतच मिळतं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण मधुमेह, रक्तदाब आणि सत्तरी एकत्र आलेल्या माणसाने तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. अशा माणसाने गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंक, पाहावा, एक-दोन आठवड्यांनी परत पाहावा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ही गोळी नाहीच. ३० ते ६० मध्ये डॉक्टर सांगतील तर, कमी मात्रेत, थोडे दिवस. क्रिएटिनिन ही साधी रक्ततपासणी आहे, गल्लीतल्या लॅबमध्ये होते.

रक्तदाबाचा आणखी एक फेरा आम्हाला चिठ्ठ्यांवर दिसतो. ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने रक्तदाब काही अंकांनी वर जातो आणि पायावर सूज येते. मग रक्तदाबाची गोळी वाढते, सुजेसाठी लघवीची गोळी येते, आणि मूळ दुखण्याची गोळी डॉक्टरांना सांगितलीच जात नाही, कारण ती 'औषध' नसते, ती दुकानातून आणलेली असते. डॉक्टर "आणखी काय घेता?" असं विचारतील तेव्हा तिचं नाव सगळ्यात आधी सांगा.

हृदयविकार, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा अर्धांगवायू होऊन गेलेल्यांनी डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब घेऊच नये. पोटाला सोसणारी म्हणून आलेली रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयाच्या झटक्यांमुळे २००४ साली जगभरातून मागे घ्यावी लागली. एटोरिकॉक्सिब तिच्याच भावकीतली. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. ॲस्पिरिन ७५ घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : आयबुप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवून बसतं, आणि मग रक्ताची गुठळी रोखण्याचं ॲस्पिरिनचं काम होत नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसेनोकुमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय कुठलीच दुखण्याची गोळी घेऊ नये. दमा असलेल्यांपैकी काहींना या गोळीने एकदम दमा उसळतो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून पुढे ती टाळायची असते.

पावसाळ्यात आणखी एक जोखीम येते. ताप आणि सगळे सांधे धरले म्हटलं की लोक चिकनगुनिया समजून डायक्लोफेनॅक मागतात. पण सुरुवातीला डेंगीही तसाच दिसतो, आणि डेंगीत प्लेटलेट घटलेल्या असताना या गोळीने रक्तस्राव होतो. रक्त तपासून डेंगी नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटॅमॉल आणि भरपूर पाणी, पेज, सरबत.

मुळात दुखणं कुठलं ते तरी कळायला हवं. आपण सगळ्यालाच 'वात' म्हणतो. झिजलेला गुडघा सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडतो, मग चालता होतो, आणि जिना उतरताना ठणकतो. तिथे ही गोळी दुखण्याच्या दिवसांपुरती घ्यायची, खुराक म्हणून नाही. आमवातात दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि सकाळची आखड तास-तासभर सुटत नाही. तिथे वेदनाशामक नुसतं दुखणं झाकतं, आतून सांधा खराब होत राहतो. त्यावर मिथोट्रेक्सेटसारखी मूळ रोगाची औषधं लागतात. मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. ती चूक जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून पट्टीवरच लिहावा. गाऊटमध्ये पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तिथे गोळी लगेच, पुऱ्या मात्रेत, पण ठणका गेला की दोन-तीन दिवसांत बंद. तिने युरिक ॲसिड उतरत नाही.

आमवातात या गोळीचा पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी "हिचा पॉवर कमी आहे" म्हणत दुसरी जोडू नये. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

गुडघा आणि हाताच्या बोटांसाठी डायक्लोफेनॅकचं मलम हा पहिला उपाय असायला हवा. त्यातलं फारच थोडं औषध रक्तात जातं. पण ते आपण लावतो किती? हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बोटाच्या शेवटच्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या गुडघ्याला तशा सहा ते आठ रेघा, म्हणजे तीन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागतात. ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन-तीन दिवसांत संपली तर ती बरोबर वापरली. महिनाभर पुरली, तर "मलमाने गुण येत नाही" अशी तक्रार करू नये. लावल्यावर वर गरम शेक नको, घट्ट पट्टा नको, तासभर पाणी नको, आणि बोटांनाच लावलं नसेल तर हात धुवायचे. कंबर आणि खुब्याचा सांधा खोल असतो, तिथपर्यंत ते पोचत नाही.

गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही लिहायलाच हवं. "जडीबुटीची आहे, दोन दिवसांत पळायला लागाल" अशा पुडीत कुटलेलं स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक सापडल्याचे प्रकार देशभर झालेले आहेत. दोन दिवसांत चमत्कार, मग भूक वाढणं, चेहरा गोल होणं, साखर चढणं, ही स्टेरॉइडची लक्षणं. वरून दुकानातली गोळी घेतली तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका कितीतरी वाढतो. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम बंदही करायची नसते. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावं.

शेवटी आमच्या व्यवसायबंधूंना. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत, पट्टीवर तसं छापलेलं आहे. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल म्हणून आपण देतो, हे एकमेकांत तरी कबूल करू या. निदान वय, रक्तदाब-साखर-मूत्रपिंड-हृदय, पूर्वीचा व्रण, रक्त पातळ करणारी गोळी आणि "ही किती दिवस घेताय?" एवढं विचारायला मिनिटही लागत नाही. पाच गोळ्या कापून देताना नाव, मुदत आणि घटक असलेलं टोक गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. आपण नेमका तोच भाग आपल्याकडे ठेवतो आणि मग त्याला रंगावरून औषध मागावं लागतं. कागदी पाकिटावर पेनाने मराठीत लिहा : काय आहे, जेवणानंतर, दिवसातून किती, कुठल्या तारखेला थांबायचं. शेवटची तारीख जरा मोठ्या अक्षरात.

आपले,
काही नोंदणीकृत फार्मासिस्ट,
राजारामपुरी, कोल्हापूर